तीस लिटरचा वाढदिवस

माणसाने आयुष्यात एक तरी नळ असा पाहावा, की तो उघडला म्हणजे त्यातून काहीतरी येतं. मी बावीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आहे, त्यामुळे हे वाक्य मी किती गांभीर्याने लिहितोय याची कल्पना इतर खात्यांतल्या लोकांना यायची नाही. सकाळी खिडकी उघडली की पहिला माणूस सांगतो, ‘पाणी येत नाही.’ मी लिहून घेतो, ‘पाणी येत नाही.’ संध्याकाळपर्यंत अशा साठ-सत्तर ओळी होतात. मजकुरात फारसा फरक नसतो. कुणी रडून सांगतं, कुणी ओरडून. रडण्या-ओरडण्यासाठी आमच्या रजिस्टरात रकाना नाही.

तर आमच्या साहेबांच्या निरोप समारंभाला एका हॉटेलात मी तो नळ पाहिला. काळा दांडा, पितळी तोंड. दांडा पुढे ओढला की सोनेरी धार सरळ ग्लासात उतरायची, वर दोन बोटं फेस. दांडा मागे केला की धार बंद. मध्येच खोकणं नाही, गढूळ येणं नाही, ‘आज फक्त अर्धा तास’ अशी पाटी नाही. माझी नजर बघून तिथल्या वाढप्याने मला एकदा दांडा ओढू दिला. तसा मी वर्षाकाठी चार ग्लास बिअर पिणार, त्यातले दोन अर्धवट सोडणार. मला चटक लागली ती त्या दांड्याची.

चौकशी केल्यावर कळलं की हे घरीही करता येतं. पेटीसारखा आडवा, वरून झाकण उघडणारा फ्रीझर घ्यायचा. त्यात बिअरचं पिंप ठेवायचं. शेजारी गॅसचा छोटा सिलिंडर. गॅस पिंपात दाब देणार, बिअर नळीतून वर चढणार आणि बाहेरच्या नळातून पडणार. फ्रीझरने बिअर गोठवू नये, नुसती गार करावी, म्हणून त्याला आवरायला तापमानाचं एक छोटं यंत्र लावायचं. कागदावर काढलं तेव्हा हे इतकं सोपं दिसलं, की घरोघरी का नाही याचंच नवल वाटलं.

‘अहो, पण तुम्ही पिता कुठे?’ बायकोने विचारलं.

‘प्रश्न पिण्याचा नाहीये.’

‘मग कसला आहे?’

‘दाबाचा.’

मी खिडकीत बसून लोकांकडे जसा बघतो, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

फ्रीझर मिळाला एका जनावरांच्या डॉक्टरांकडे. त्यांचा दवाखाना हलत होता आणि नव्या जागेच्या दारातून हा आत जाईना. पांढरा, लांबरुंद, एका कोपऱ्याला पोचा आलेला.

‘यात काय ठेवायचात?’ मी विचारलं.

‘लसी,’ डॉक्टर म्हणाले. मग जरा आठवून म्हणाले, ‘आणि इतर.’

‘इतर’ म्हणजे काय ते मी विचारलं नाही आणि बायकोला तर लसींपाशीच थांबवलं. तरी तिने तो सोडा घालून तीन वेळा पुसला. चौथ्यांदा पुसताना त्याच्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, ‘काय काय बघितलंयस रे बाबा!’

चार हमालांनी तो तिसऱ्या मजल्यावर चढवला तेव्हा जिन्यात सल्ल्यांची कमतरता नव्हती. ‘आडवा घ्या’, ‘उभा घ्या’, ‘दोर लावा’, ‘दोर लावू नका’ हे सगळं एकाच वेळी ऐकून हमालांनी चौघांच्या मते चार दिशांना जोर लावला आणि फ्रीझर आपल्या मर्जीने वर आला. वर आमच्या डोक्यावर राहणारे गृहस्थ उभे होते. आमच्या घरात त्यांना ‘तज्ज्ञ’ म्हणतात. जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी त्यांच्या मेव्हण्याकडे होती.

‘माझ्या मेव्हण्याकडे असाच होता,’ तज्ज्ञ म्हणाले.

‘अरे वा! आहे अजून?’

‘कोण, मेव्हणा की फ्रीझर?’

‘फ्रीझर.’

‘दोघंही नाहीत,’ ते म्हणाले आणि मापं घ्यायला आत आले.

नळ बाहेर काढायला फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडावं, हा तज्ज्ञांचा सल्ला. मी खडूने फुली मारली, ड्रिल मशीन उसनं आणलं. दैव एवढंच, की प्लग तपासायला बोलावलेला फ्रीजवाला त्याच वेळी आला. त्याने फुली बघितली आणि आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा फ्रीझरवर हात ठेवला.

‘साहेब, या पत्र्यामागे सगळीकडे गॅसच्या नळ्या फिरल्यात. भोक पाडलंत की हा फ्रीझर संपला. मग हे कपाट. तेही आडवं.’

तज्ज्ञ खिडकीबाहेर बघत होते. ‘मेव्हण्याने भोकच पाडलं होतं,’ ते हळूच म्हणाले.

फ्रीजवाल्याने दुसरी वाट सांगितली. झाकण काढायचं, कडेभोवती लाकडी चौकट बसवायची, चौकटीवर झाकण लावायचं आणि भोक पाडायचं ते लाकडात. म्हणजे सुताराकडे जाणं आलं. आमचा सुतार गुणी माणूस, पण तीस वर्षं त्याने फक्त पलंग केलेत. तो फ्रीझरभोवती दोनदा फिरला, लांबी मोजली, रुंदी मोजली आणि विचारलं, ‘यात झोपणार कोण?’

‘कोणी नाही. बिअर राहणार.’

‘बरं. मग उशाची बाजू कुठली?’

पंधरा दिवसांनी चौकट आली. काम सुंदर. कोपरे असे जुळलेले की नखही शिरू नये. मात्र वीतभर सांगितली होती ती हातभर उंच झाली होती. ‘बसायला बरं पडतं,’ सुतार म्हणाला. कोणाला, ते मी विचारलं नाही. हल्ली मी विचारणंच कमी केलंय. चौकटीमुळे स्वयंपाकघरात झाकण उघडलं की ते माळ्यावर आपटायला लागलं. दिवाणखान्यात बायको ठेवू देईना. शेवटी फ्रीझर पाहुण्यांच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी गेला. ‘राहू दे तिथेच,’ बायको म्हणाली, ‘नाहीतरी आपल्याकडे पाहुणे येतात कुठे?’

आता राहिलं पिंप. पिंप, गॅसचा सिलिंडर आणि नळी हे तिन्ही बिअरच्या वितरकाकडे मिळतं. मी हाफ डे टाकून त्यांच्या कचेरीत गेलो. खिडकीत एक सडपातळ, अतिशय शांत कारकून बसला होता. कारकुनाचा शांतपणा किती धोक्याचा असतो, हे कारकुनालाच कळतं.

‘घरगुती वापराला पिंप देत नाही,’ तो म्हणाला.

‘पण माझ्याकडे फ्रीझर आहे.’

‘असेल.’

‘नळसुद्धा आणलाय.’

‘आणला असेल.’

‘असेल’ आणि ‘आणला असेल’ हे शब्द मी बावीस वर्षं वापरतोय. ते इतके टोचतात हे खिडकीच्या अलीकडे उभं राहिल्याशिवाय समजत नाही. मी मनातल्या मनात आमच्या गावातल्या काही नागरिकांची क्षमा मागितली.

‘मग देता कुणाला?’

‘हॉटेलला. नाहीतर समारंभाला.’

‘समारंभ घरी असला तर?’

‘तर देतो. समारंभ कुठेही असू शकतो.’ त्याने एक फॉर्म पुढे सरकवला.

फॉर्मवर ‘समारंभाचे स्वरूप’ होतं, त्याखाली ‘उत्सवमूर्तीचे नाव, वय, अर्जदाराशी नाते, दूरध्वनी’. मी माझंच नाव लिहायला घेतलं, तर तळाशी बारीक अक्षरांत सूचना: अर्जदार व उत्सवमूर्ती एकच नसावेत. बायकोचं लिहावं, तर तिला सांगावं लागलं असतं. मुलगी परगावी शिकते. बिअरच्या फॉर्मवर घालण्याजोगं तिचं वय नाही. मागे रांग वाढत होती. अशा वेळी माणसाला सर्वांत लांबचं आणि सर्वांत आदरणीय नातं आठवतं. मी लिहिलं: सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस, येत्या रविवारी. पंचाहत्तर हा आकडाच असा की त्यापुढे कुठल्याही कचेरीने मान तुकवावी. फोन नंबर मला पाठ होता, कारण अडीअडचणीला लागेल म्हणून बायकोने तो माझ्याकडून घोकून घेतला होता. अडचण ही असेल असं तिलाही वाटलं नसेल.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या इथून बसने तीन तासांवर एकट्या राहतात. चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या, शेवटची दहा वर्षं मेट्रन. मोठे मोठे सर्जन त्यांच्या वॉर्डात शिरताना बूट वाजणार नाहीत अशा बेताने चालायचे म्हणतात. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, तेवढ्या काळात आमचं संभाषण ठरलेलं होतं. त्या विचारायच्या, ‘कसे आहात?’ मी म्हणायचो, ‘बरा आहे.’ त्या म्हणायच्या, ‘वजन वाढलंय.’ मी म्हणायचो, ‘हो.’ इथे दोन्ही पक्षांचं समाधान व्हायचं.

मंगळवारी मी ऑफिसातून आलो, तर बायको फोनपाशी बसली होती. चेहरा उतरलेला.

‘आईचा फोन होता. उद्या येतेय. बिअर कंपनीतून तिला कोणीतरी फोन केला, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा दिल्या, तीस लिटर पुरे का विचारलं. तुम्ही तिचा वाढदिवस ठेवलाय म्हणे रविवारी.’

फॉर्मवरच्या नंबरावर फोन करून खात्री करून घेणारी कचेरी जगात असेल, हे माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवात बसत नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. बायको चिडेल म्हणून मी तयार होतो, पण ती चिडली नाही. तेच जास्त वाईट वाटलं.

‘अहो, आई बहात्तरची आहे. आणि तिचा वाढदिवस सात महिन्यांनी आहे.’

‘मग त्या फोनवर काही म्हणाल्या नाहीत?’

‘काही नाही! खूश होती. कितीजणांना बोलवू, म्हणाली. मी गोंधळून म्हटलं, बोलव किती ते.’ तिने पदराने नाकाचा शेंडा पुसला. ‘तिला स्वतःचं वय आठवत नसेल का हो? एकटी राहते. आपल्याला कळलंसुद्धा नसेल.’

एका नळापायी आपण भलतंच काहीतरी उघडून बसलो, असं वाटलं.

बुधवारी दुपारी सासूबाई आल्या. एक बॅग, एक छत्री, रक्तदाब मोजायचं यंत्र. ‘कसे आहात?’ ‘बरा आहे.’ ‘वजन वाढलंय.’ ‘हो.’ मग त्या पाहुण्यांच्या खोलीत शिरल्या आणि थबकल्या. पलंगाच्या पायथ्याशी तो लाकडी चौकटीचा पांढरा डोलारा. त्यांनी बोटांनी त्याच्या पोटावर ठकठक केलं, कान देऊन आवाज ऐकला.

‘हा पेशंट कधीपासून आहे?’

‘महिना झाला,’ मी म्हणालो.

‘हं,’ म्हणून त्यांनी बॅग त्याच्यावरच ठेवली. ‘रविवारी अकरा जणी येतील. माझ्याबरोबरच्या सगळ्या नर्सेस. दोघी परगावाहून येतायत.’

त्या संध्याकाळी बायकोने आईची स्मरणशक्ती तपासायला घेतली. तिला वाटत होतं आपण फार बेमालूम करतोय. ‘आई, आज वार कोणता गं?’ ‘बुधवार. कॅलेंडर तुझ्या डोक्यामागे आहे.’ ‘आणि आपल्या जुन्या घराचा नंबर काय होता?’ सासूबाईंनी नंबर सांगितला, मालकाचं नाव सांगितलं, त्याला मूळव्याध होती हेही सांगितलं. मग लेकीच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘तुला बरं वाटत नाहीये का?’ बायको स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, ‘जुनं आठवतंय सगळं. तेच तर लक्षण असतं म्हणतात.’

गुरुवारी पिंप आलं. जोडणीला तज्ज्ञ हजर होतेच. कंपनीने चांगली साडेतीन मीटर नळी दिली होती. ‘एवढी कशाला? जितकं अंतर जास्त तितका जोर कमी. तुम्ही पाणी खात्यातले, तुम्हाला काय सांगायचं!’ असं म्हणून त्यांनी ती एक मीटरवर कापायला लावली. पाणी खात्याचं नाव घेतलं की मला नाही म्हणता येत नाही. मग सिलिंडर जोडला आणि मी चावी फिरवणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

‘थांबा.’

सासूबाई हातात साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. ‘सिलिंडर झटक्यात उघडायचा नसतो. चौतीस वर्षं ऑक्सिजनचे उघडलेत मी. आधी पाव फेरा. आता थांबा.’ त्यांनी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. दुसऱ्या सांध्यावर एक बुडबुडा फुगला, मोठा झाला, फुटला. ‘गळतंय. आवळा.’ मी आवळलं. तज्ज्ञ म्हणाले, ‘माझ्या मेव्हण्याकडे...’ सासूबाईंनी फक्त बघितलं. तज्ज्ञांचं वाक्य अर्धवट राहिल्याचं मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं.

दुर्दैवाने सासूबाई चहाला गेल्या तेवढ्या वेळात तज्ज्ञांनी तापमानाचं यंत्र बसवून टाकलं. त्या यंत्राला एक वायर असते आणि वायरीच्या टोकाला गारवा मोजणारं बोंड. ‘बोंड बाहेरच चिकटवू. आत अडकलं तर काढायचं कोणी?’ मला ते पटलं. इथे मी स्वतःचा बचाव करणार नाही.

शुक्रवारभर फ्रीझर चालू होता. बाहेरच्या बोंडाला खोलीतली हवा लागत होती, त्याला सारखं उकडत होतं आणि ते फ्रीझरला सांगत होतं, अजून गार कर. शनिवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, ‘हा थांबतच नाही. ताप उतरत नसल्यासारखा धापा टाकतोय.’ आम्ही झाकण उघडलं. मी पिंप हलवलं. आत काही डुचमळेना. ठोकलं, तर दगडावर ठोकल्यासारखा आवाज आला.

सासूबाईंनी वायर हातात घेतली, बोंडापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे वळल्या.

‘जावईबापू, थर्मामीटर पेशंटच्या तोंडात ठेवतात. शेजाऱ्याच्या नाही.’

मी खाटेवर बसलो. उद्या अकरा नर्सेस येणार. तीस लिटर बर्फ. आणि वाढदिवस कोणाचाच नाही. बायको सामान आणायला बाजारात गेली होती. मी एवढंच म्हणू शकलो, ‘आता काय करायचं, आई?’

‘करायचं काय? गारठलेला पेशंट आहे. ऊब द्यायची. पण सावकाश.’

पिंप बाहेर काढलं. घरातल्या गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या आणि शेजारपाजारच्या तीन, अशा पाच पिशव्या त्याच्याभोवती बांधल्या, वरून घोंगडी. सासूबाईंनी माझ्या ऑफिसच्या पॅडवर रेघा मारून तक्ता केला: वेळ, तापमान, पिशवी बदलली, सही. दर अर्ध्या तासाने बोंड पिंपाला लावून मी आकडा वाचायचा, त्या लिहायच्या. पहिल्या तीन नोंदी उणे होत्या. एकदा मी घाईत सही विसरलो, तर त्यांनी पॅड परत दिलं. ‘सही नाही म्हणजे केलंच नाही.’

तिसऱ्या नोंदीनंतर मला राहवेना. खोलीत आम्ही दोघंच, मध्ये घोंगडी पांघरलेलं पिंप. मी म्हणालो, ‘आई, मला एक सांगायचंय. उद्या तुमचा वाढदिवस नाही.’

‘नाहीच.’

‘आणि तुम्ही पंचाहत्तर वर्षांच्याही नाही.’

‘बहात्तर. येत्या हिवाळ्यात त्र्याहत्तर.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘त्या फोनवरच्या माणसाने वय सांगितलं, तेव्हाच म्हटलं, जावयाला कशाला तरी घाई झालेली दिसते.’

‘मग तुम्ही त्याला सांगितलं का नाहीत?’

घोंगडीचं एक टोक सरकलं होतं ते त्यांनी नीट खोचलं.

‘तो फॉर्म वाचून दाखवत होता ना, एकेक रकाना. मी निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून माझं नाव जिथे जिथे लिहिलं गेलं, तिथे वर छापलेलं असायचं, रुग्णाचे नाव. रक्त तपासणी, डोळे, गुडघा. रुग्णाचे नाव, रुग्णाचे वय. आणि हा म्हणाला, उत्सवमूर्तीचे नाव. मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. म्हटलं, चुकीच्या पत्त्यावर आलेलं असलं तरी पत्र आलंय ना? जाऊन यावं.’

चोवीस वर्षांत मला त्यांचं वय विचारावंसं वाटलं नव्हतं, ते त्या पिंपासमोर बसून फार लागलं.

‘तिला आणखी वार विचारू देऊ नका,’ त्या म्हणाल्या. ‘काल तर आठचा पाढा म्हणायला लावला. पण तुम्ही सांगू नका, मीच सांगेन. अर्धा तास झाला. वाचा आकडा.’

‘शून्य,’ मी म्हणालो. ‘नाही, एक!’

‘सही करा.’

बायको बाजारातून आली तेव्हा मायलेकी स्वयंपाकघरात दार लावून बसल्या. आधी बायकोचं रडणं ऐकू आलं, मग हसणं, आणि मग माझ्याबद्दल काहीतरी, जे दोघी एकदमच बोलल्यामुळे मला नीट कळलं नाही. बरंच झालं. संध्याकाळी पिंपातून डुचमळल्याचा आवाज आला, तसं ते परत फ्रीझरमध्ये गेलं. बोंड या वेळी पिंपाच्या अंगाला चिकटवलेलं. रविवारी सकाळी तक्त्यावर शेवटची नोंद झाली: चार अंश, प्रकृती स्थिर.

पाच वाजता अकरा जणी आल्या. सगळ्या सत्तरीच्या आसपासच्या, सगळ्या एका वेळी बोलणाऱ्या आणि घरात शिरताच पहिल्यांदा हात धुणाऱ्या. पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर पाच, खुर्च्यांवर चार, दोघी खिडकीपाशी. तज्ज्ञही आले होते, कारण त्यांना न बोलावणं शक्य नसतं. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ग्लास धरला, नळाचा काळा दांडा धरला आणि पुढे ओढला.

नळ खोकला. मग शिंकला. मग ग्लासभर पांढराशुभ्र फेस आला, माझ्या शर्टावर आला, चष्म्यावर आला. दुसरा ग्लास, फेस. तिसरा, फेस. ‘दाब कमी पडतोय, वाढवा,’ तज्ज्ञ म्हणाले. वाढवला. चौथा ग्लास माझ्या हातून उडाला आणि तज्ज्ञ फेसाने माखून दाढीला बसल्यासारखे दिसू लागले. ते टॉवेलसाठी वर गेले. अकरा जणी गप्प झाल्या. चौतीस वर्षं ज्यांनी माणसांना मरताना पाहिलंय, त्यांची शांतता फार समजूतदार असते आणि ती सहन होत नाही.

माझ्या मनात एकच वाक्य उमटलं: तक्रार, नळाला बिअर येत नाही. नोंद घेतली.

‘बाजूला व्हा,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं. ‘नळी एवढीशी का?’

‘कापली,’ मी म्हणालो.

‘कापली!’ त्या मैत्रिणींकडे वळल्या. ‘सलाईन धोधो सुटायला लागलं तर काय करतो गं आपण?’

‘चिमटा आवळतो,’ एक जण म्हणाली.

‘बाटली खाली घेतो,’ दुसरी म्हणाली.

‘आणि नळी बारीक, लांब घेतो,’ खिडकीपाशी बसलेली सर्वांत म्हातारी म्हणाली. ‘वाटेतच दमलं पाहिजे.’

कापलेला अडीच मीटरचा तुकडा कपाटाच्या खणात होता. पुढची दहा मिनिटं माझ्या फ्रीझरभोवती जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. एकीने सिलिंडर बंद केला, एकीने आतला अडकलेला गॅस सोडला, दोघींनी नळ्या जोडून सांधा आवळला, एकीने नळीची गुंडाळी पिंपावर फडक्याने बांधली. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. हात पुढे आला की त्यात हवी ती वस्तू पडत होती. सासूबाईंनी रेग्युलेटरचा काटा निम्म्याच्याही खाली आणला, साबणाचा फेस फिरवला, थांबून बघितलं.

‘आता,’ त्या मला म्हणाल्या. ‘ओढा.’

मी दोन क्षण दांडा धरून नुसता उभा राहिलो. मग ओढला.

धार आली. सरळ, सोनेरी, बोटाएवढी जाड धार ग्लासाच्या कडेने उतरली, वर दोन बोटं फेस चढला. मी दांडा मागे केला. धार थांबली. एक थेंबसुद्धा पडला नाही. अकरा जणींनी टाळ्या वाजवल्या आणि मी, एवढ्या मोठ्या माणसाने, लगेच दुसरा ग्लास नळाखाली धरला.

नंतर काय सांगू? मी सहा ते आठ नळाशी उभा होतो आणि एकदाही बसलो नाही. तीस लिटरमधली निम्मी बिअर त्या बायकांनी हसत हसत संपवली. उरलेली निम्मी मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी, ज्यांना आवाजाची तक्रार करायला यावं लागलं. सर्वांत म्हाताऱ्या नर्सबाईंनी ग्लास उंच धरून विचारलं, ‘मेट्रन, खरं सांगा, पंचाहत्तर झाली का तुम्हाला?’ सासूबाई म्हणाल्या, ‘जावयांनी लिहिलंय ना? मग झाली.’ बायको माझ्याकडे बघून हसली. मंगळवारनंतर प्रथमच.

सगळे गेल्यावर बायको स्वयंपाकघरात ग्लास विसळत होती. सासूबाई पलंगावर टेकल्या, पाय लांब केले. मला तेव्हा लक्षात आलं की त्यांनी संबंध संध्याकाळभर ग्लासाला हात लावला नव्हता.

‘आई, तुम्ही घेतलीच नाहीत.’

‘ड्यूटीवर असताना घेत नसतात.’ त्यांनी घड्याळ बघितलं, मनगटावरून काढून उशापाशी ठेवलं. ‘आता द्या. अर्धा.’

मी अर्धा ग्लास भरला. पिंपात तेवढीच असावी, कारण नळ शेवटी जरासा खाकरला. मग तळाशी उरलेली मी माझ्या ग्लासात घेतली आणि खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. कपाळावर आठी आली.

‘कडू आहे हो!’

‘हो,’ मी म्हणालो.

‘आणि एवढ्यासाठी तुम्ही महिनाभर...’

‘हो.’

त्यांनी ग्लास उजेडात धरून बघितला, आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. आतून बायकोने हाक मारली, ‘आई, उद्या सकाळच्या बसचं तिकीट काढायचं ना?’

‘नको,’ सासूबाई म्हणाल्या. रिकामा ग्लास माझ्या हातात देत त्यांनी आवाज जरा खाली आणला. ‘पिंप परत कधी मिळतं, त्या माणसाला विचारून ठेवा. एका डोसात औषधाचा गुण कळत नाही.’